स्कॉटिश विद्येचे अभ्यासमंडळ : एक आवश्यकता

मराठ्यांच्या इतिहासलेखनावर स्कॉटिश विद्वानांची छाप ठळक आहे. परंतु त्यांच्या मायदेशाचा अभ्यास आपण क्वचितच केला. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथे लिटररी सोसायटी स्थापणारे सर जेम्स मॅकिंटॉश ॲबर्डीन व एडिंबरो येथे शिकले होते. चिटणीस विल्यम अर्स्किन एडिंबरोचेच. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ बॅन्फचा. तत्कालीन स्कॉटिश विद्येत इतिहास, नीतिशास्त्र व अर्थशास्त्र परस्परांपासून विलग नव्हती. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ मध्ये डफच्या ग्रंथातील उणिवा दाखविल्या. त्यामागील वैचारिक बैठकीची चिकित्सा मात्र एकट्या इतिहासकारास साधणारी नाही. तत्त्वज्ञान, धर्म व साहित्य यांचे अभ्यासक ज्यात एकत्र बसतील असे मंडळ स्थापणे म्हणूनच अगत्याचे होय.