आंबा : कोकणच्या कलमापासून जर्मनीच्या फळबाजारापर्यंत

जर्मनीतील कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात आता जवळजवळ बारा महिने आंबा मिळतो. मात्र एप्रिल उजाडला की येथील मराठी कुटुंबांत चौकशी सुरू होते ती हापूसची. दुकानात आंब्यांचे ढीग असताना हापूस इतका दुर्मीळ का, आणि मायदेशाहून येणाऱ्या आईवडिलांना सामानातून पेटी का आणता येत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फळाच्या जातीत, त्याच्या प्रवासात आणि एका लहानशा माशीत दडलेली आहेत.

वृक्ष आणि नाव

आंब्याचे शास्त्रीय नाव ‘मँगिफेरा इंडिका’. कार्ल लिनिअसने ते १७५३ साली नोंदविले. काजू, बिब्बा आणि पिस्ता ही झाडे याच कुळातील. आंब्याच्या चिकाने काहींच्या ओठांना व त्वचेला दाह होतो, तो याच नात्यामुळे. जर्मन भाषेतील ‘मँगो’ हा शब्द मलयाळममधील ‘माङ्ङ’पासून पोर्तुगीजांच्या ‘मांगा’मार्फत युरोपात पोचला.

कोयीपासून वाढलेल्या झाडाला मूळ झाडासारखेच फळ येईल याची शाश्वती नसते. कोकणातील असंख्य रायवळ आंबे या वैविध्यातूनच निर्माण झाले. एखादी जात जशीच्या तशी टिकवायची तर कलम बांधावे लागते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमांच्या या विद्येला मोठी चालना मिळाली आणि अनेक निवडक जाती स्थिरावल्या. हापूसचे ‘अल्फान्सो’ हे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून पडल्याचे मानले जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

जर्मन दुकानांतील आंब्याचे कूळ

जर्मनीत सर्रास दिसणारे आंबे टॉमी अ‍ॅटकिन्स, केंट, कीट आणि पामर या जातींचे असतात. या जाती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पुढे आल्या. परंतु त्यांच्या पूर्वजांचा शोध घेता वाट पुन्हा हिंदुस्थानाकडेच वळते. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने हिंदुस्थानातून ‘मलगोबा’ जातीची कलमे मागविली. १८९४-९५ च्या कडाक्याच्या थंडीत त्यांतील एकच झाड तग धरून राहिले. त्याच्या कोयीपासून १९०२ साली लावलेल्या रोपातून ‘हेडन’ ही जात मिळाली. टॉमी अ‍ॅटकिन्स हा हेडनच्या कोयीपासूनचा, आणि केंटच्या वंशातही हेडन असल्याचे मानले जाते.

या जातींची निवड झाली ती प्रवासाच्या कसोटीवर. जाड साल, घट्ट गर, आकर्षक तांबूस रंग आणि दीर्घ टिकाऊपणा हे त्यांचे गुण. ब्राझील किंवा पेरू येथून जहाजाने निघालेले फळ युरोपात पोचायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यासाठी ते कच्चेच उतरवावे लागते. हापूसची साल पातळ, गर मऊ आणि पिकल्यानंतरचे आयुष्य अल्प. शिवाय ‘साका’, म्हणजे गराचा काही भाग न पिकता पांढरट व आंबूस राहणे, हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच हापूस बहुधा विमानाने येतो, आणि त्याची किंमतही त्या प्रमाणात चढते.

दुकानातील पाटीवर ‘फ्लुगमँगो’ असे लिहिलेले आढळल्यास ते फळ विमानाने आलेले आहे, असे समजावे. झाडावर अधिक पक्व होऊ दिल्याने त्याची चव सरस असते. मात्र जहाजाच्या तुलनेत विमानवाहतुकीचा पर्यावरणावरील भार कितीतरी अधिक असतो. साधारणपणे हिवाळ्यात पेरूचा, वसंत ऋतूपासून पश्चिम आफ्रिकेचा, तर शरद ऋतूत स्पेन व ब्राझीलचा आंबा बाजारात दिसतो. भारतीय हापूस व केशर एप्रिल ते जूनदरम्यान आणि पाकिस्तानी चौसा त्यानंतर आशियाई दुकानांत मिळतो.

माशी, बंदी आणि गरम पाणी

फळमाशीची मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. वरून निर्दोष दिसणारे फळही त्यामुळे आतून किडलेले असू शकते. अशी माशी युरोपातील बागांत शिरली तर तेथील फळशेतीचे मोठे नुकसान होईल, ही युरोपीय संघाची भीती आहे. २०१३ साली भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ मालांत फळमाशी व अन्य घातक किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून आंबा, कारले, वांगे, अळू आणि पडवळ यांच्या आयातीवर बंदी आली. ऐन हंगामात आलेल्या या निर्णयाने कोकणातील बागायतदार व निर्यातदार हवालदिल झाले. भारताने तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी मुदतीपूर्वीच उठविण्यास मान्यता मिळाली.

युरोपसाठी आंबा निर्यात करताना फळे ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया वापरली जाते. तिने अंडी व अळ्या नष्ट होतात. मात्र तापमान वा वेळ चुकल्यास फळाच्या सालीला व पिकण्याला बाधा येते. त्यानंतर तपासणी होऊन वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दिले जाते.

सामानातील पेटी

१४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने आणलेल्या ताज्या फळांनाही हेच प्रमाणपत्र लागते. केळे, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळे त्यातून वगळली आहेत. आंबा त्यांत नाही. प्रमाणपत्राविना आणलेली पेटी विमानतळावर जप्त होऊन नष्ट केली जाऊ शकते, मग ती नातवंडांसाठी कितीही जपून आणलेली असो. गणपतीसाठी वा गुढीपाडव्यासाठी आंब्याचे ताजे डहाळे आणण्यासही प्रमाणपत्राची अट आहे.

डबाबंद आमरस किंवा आंबापोळी या प्रक्रिया केलेल्या पदार्थांना वनस्पती-आरोग्याचा हा नियम लागू होत नाही. खवा घातलेल्या आंबाबर्फीची गोष्ट वेगळी. दुग्धजन्य पदार्थ सामानातून आणण्यावर युरोपीय संघाचे स्वतंत्र निर्बंध असल्याने ती अडकू शकते.

घरी आणल्यानंतर

कच्चा आंबा शीतकपाटात ठेवू नये. साधारण १० ते १३ अंशांखाली फार काळ राहिल्यास त्याला शीतबाधा होते. साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. कोकणात आंबे गवताच्या आढीत पिकवतात. येथे कागदात गुंडाळून खोलीच्या तापमानात ठेवल्यास तेच काम होते, आणि सोबत एखादे पिकलेले केळे ठेवल्यास त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पिकण्याचा वेग वाढतो. पक्वतेची खूण रंगात शोधू नये; देठाजवळचा सुगंध आणि बोटाला जाणवणारा मऊपणा अधिक विश्वासार्ह.

कोय उबदार खिडकीत रुजते आणि तांबूस कोवळी पालवीही येते; परंतु हिमतुषार सोसत नसल्याने जर्मनीत हे झाड उघड्यावर जगत नाही. कुंडीतील रोपाला फळ येण्याचा संभव कमीच. तरी पूजेच्या कलशासाठी लागणारी पाच पाने त्याच कुंडीतून मिळू शकतात, आणि त्यांना कोणत्याही प्रमाणपत्राची गरज पडत नाही.