काल काय जेवलात?

प्रश्न तसा साधा. पण मग सांगा, आमटीच्या फोडणीत तेल किती होतं? गेल्या वर्षभरात महिन्यातून किती वेळा वांगी खाल्लीत? आली ना पंचाईत! आहार आणि आजार यांचं नातं शोधणारं बरंचसं संशोधन अशाच प्रश्नावल्यांवर उभं आहे. आणि उत्तरं खरी की खोटी, हे तपासायची सोय कित्येक वर्षं नव्हती.

ती मिळाली पाण्यातून. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफ्सन यांनी उंदरांवर एक पद्धत पडताळली. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी शरीरात सोडायचं. हायड्रोजन पाण्यावाटेच बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. या फरकावरून शरीरानं किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. वजन स्थिर असेल तर जितका खर्च तितकीच आवक. १९८२ मध्ये डेल शोलर यांनी ही पद्धत माणसांवर वापरली.

१९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दहा स्थूल व्यक्ती तपासल्या. "१२०० कॅलरींहून कमी खातो, तरी वजन हलत नाही," ही त्यांची तक्रार. चयापचय नॉर्मल निघालं. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं.

लबाड म्हणून मोकळं व्हावं, तर १९९९-२००० मध्ये मेरीलँडमधल्या ४८४ सर्वसाधारण स्वयंसेवकांचा अभ्यास झाला. प्रश्नावलीत पुरुषांनीही आणि बायकांनीही साधारण एक तृतीयांश ऊर्जा गाळलेली! म्हणजे ही खोड तुमच्याआमच्या सगळ्यांची. वजनदार माणसांत जरा जास्त, इतकंच.

यानं बिघडतं काय? २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरफकच्या सुमारे १३,००० स्त्रियांची माहिती शीला बिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी तपासली. रोजच्या रोज लिहिलेल्या आहारवहीत संपृक्त चरबी आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसला. त्याच स्त्रियांच्या प्रश्नावलीत तो ठामपणे दिसेना. त्या संबंधावर पुढे बरेच वाद झाले. पण मापच ढोबळ असेल, तर 'संबंध नाही' याचा अर्थ 'आम्हाला दिसला नाही' एवढाच असू शकतो.

तेव्हा मंडळी, पेपरात 'अमुक खा, हृदय वाचवा' वाचलंत की आधी बघा, त्यांनी मोजलं कसं? आणि घरातली कुणी मावशी म्हणाली, "काही खात नाही गं, तरी वाढतेच आहे," तर हसू नका. ती खोटं बोलत नसते. ती फक्त माणसासारखं आठवत असते.