मेह, याप्य आणि उतार : मधुमेहाच्या उपशमाचा शब्देतिहास

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकर ह्या गावाचे नाव स्थानिक आख्यायिकेत मेघंकर नावाच्या दैत्याशी जोडले जाते. शार्ङ्गधर विष्णूने त्या दैत्याचा वध केला, म्हणून गावास हे नाव पडले, असे सांगतात. १८८८ साली गावात सापडलेल्या शार्ङ्गधर बालाजीच्या भव्य मूर्तीमुळे ह्या आख्यायिकेस विशेष महत्त्व आले. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी 'मेघ' ह्या संस्कृत शब्दाचे प्राकृतात 'मेह' होणे नियमास धरूनच आहे. परंतु संस्कृतात 'मेह' हा एक निराळाच शब्द आहे. सिंचन करणे, मूत्रविसर्जन करणे ह्या अर्थाच्या 'मिह्' धातूपासून तो सिद्ध होतो, आणि 'प्रमेह' व 'मधुमेह' ही रोगनामे त्याच्यापासून आली आहेत. यास्काने निरुक्तात 'मेघ' शब्दही ह्याच धातूपासून व्युत्पादिला. तौलनिक भाषाशास्त्र मात्र दोहोंची मुळे भिन्न मानते. तात्पर्य, ग्रामनामातील 'मेह' आणि रोगनामातील 'मेह' ह्यांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे. शब्द जुळला म्हणून वस्तू जुळली असे मानू नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा होय. मधुमेह 'बरा होतो' की नाही, ह्या आजच्या वादासही तो लागू पडतो.

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी आज 'मधुमेह' हा शब्द औषधाच्या चिठ्ठीपुरता उरला असून बोलण्यात 'शुगर' रूढ झाला आहे. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात वजन पुरेसे उतरले, तर औषधांवाचूनही रक्तातील साखर मर्यादेत राहू शकते, हे आता सिद्ध झाले आहे. ह्या अवस्थेस नाव काय द्यावे? 'शुगर गेली' म्हणणारा रोगी तपासणी सोडून देतो, तर 'शुगर जात नाही' असे ऐकलेला रोगी प्रयत्न सोडून देतो. म्हणून हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही.

प्राचीन वैद्यांनी ह्या प्रश्नाचा विचार केला होता. चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार सांगून त्यांपैकी १० कफज प्रकार साध्य, ६ पित्तज प्रकार याप्य आणि ४ वातज प्रकार असाध्य ठरविले आहेत. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. पहिल्याचा रोगी कृश व अल्पाहारी. दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी, शय्या व आसन ह्यांत रमणारा. कृशाचे पोषण करावे आणि स्थूलाकडून अपतर्पण, म्हणजे आहार घटविणारे उपचार, करवून घ्यावेत, असा त्याचा दंडक आहे. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे, असेही तो सांगतो. उपेक्षिलेले सर्व प्रमेह कालांतराने मधुमेहत्व पावतात आणि मग असाध्य होतात, हे त्याचे विधान विशेष महत्त्वाचे आहे. प्राचीनांचा प्रमेह आणि आजचा मधुमेह सर्वांशी एक नव्हेत. तथापि स्थूलता, आहार आणि काल ह्या तिहींचा संबंध त्या वैद्यांच्या दृष्टीतून सुटला नव्हता.

युरोपात हेच निरीक्षण एका आपत्तीतून पुढे आले. १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात अन्न दुर्मिळ झाले, तेव्हा काही मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे बूशार्दा ह्या फ्रेंच वैद्याने नोंदविले. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन ह्याने कडक अल्पाहाराची पद्धती चालविली. परंतु १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन हाती आले आणि आहारचिकित्सा मागे पडली. १९३६ मध्ये हिम्सवर्थने इन्सुलिनला प्रतिसाद देणारे आणि न देणारे असे रोग्यांचे दोन वर्ग दाखविले. सुश्रुताच्या द्विविभागाची येथे आठवण होते, परंतु ते साम्य मर्यादितच मानले पाहिजे.

यकृत व स्वादुपिंड ह्यांत साठलेली अतिरिक्त चरबी इन्सुलिनच्या कार्यात व स्रावात बिघाड करते, असा सिद्धान्त न्यूकॅसलच्या रॉय टेलर ह्यांनी २००८ मध्ये मांडला. त्याची मोठी कसोटी स्कॉटलंड व टाइनसाइड येथील 'डायरेक्ट' ह्या चाचणीत लागली. रोगनिदानास ६ वर्षांहून अधिक काळ न झालेल्या रोग्यांना ३ ते ५ महिने दररोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर त्यांपैकी ४६ टक्के रोगी औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो वा अधिक वजन घटविलेल्यांत ते ८६ टक्के होते. मात्र दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, आणि पुढील पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी पाचव्या वर्षी केवळ १३ टक्के ह्या स्थितीत टिकले. वजन परतले की रोगही परततो, असा ह्या आकड्यांचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात ह्या विचारास लोकचळवळीचे रूप आले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) ह्यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा पुरस्कार केला, आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपविण्याच्या व रोज ४५ मिनिटे चालण्याच्या नियमांसह तो मराठी घराघरांत नेला. त्याबरोबर 'मधुमेहमुक्ती' हा शब्दही पसरला. दुसरीकडे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या संशोधनाने दिसणे आणि असणे ह्यांतील अंतर दाखविले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेल्या अभ्यासात तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच हलकी, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण टिकवून असलेली आढळली. दिसण्यात कृश असलेला भारतीय माणूसही आतून 'स्थूल' असू शकतो.

२०२१ मध्ये अमेरिका व युरोप येथील मधुमेहविषयक संस्थांच्या तज्ज्ञांनी ह्या अवस्थेसाठी 'रेमिशन' हा शब्द निश्चित केला. औषधे थांबविल्यावर किमान तीन महिन्यांनीही 'एचबीएवनसी' ६.५ टक्क्यांहून कमी असणे, ही त्याची कसोटी होय. रोगमुक्ती सूचित करणारा शब्द त्यांनी विचारपूर्वक टाळला आणि नियमित तपासणी चालू ठेवण्यास सांगितले.

मराठीत ह्यासाठी शब्द शोधताना 'याप्य' ह्या संज्ञेकडे प्रथम लक्ष जाते. कोसळू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू सावरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रोग्यास सावरते, हा सुश्रुताचा दृष्टान्त होय. घर उभे आहे, पण टेकू काढता येत नाही. आजच्या प्रयोगात औषधाचा टेकू सुटतो. उतरलेल्या वजनाचा टेकू मात्र कायम ठेवावा लागतो. तथापि ही संज्ञा ग्रंथातील आहे, रोग्याच्या तोंडची नाही. तोंडचा शब्द मराठीजवळ आहे. ताप ओसरू लागला म्हणजे 'तापाला उतार पडला' असे घराघरांत म्हणतात. ताप समूळ गेला असे त्यातून कोणी समजत नाही. अंथरुणाशी बसलेले माणूस रात्री पुन्हा कपाळाला हात लावून पाहतेच. 'मुक्ती' ह्या शब्दात ही सावधगिरी नाही आणि 'असाध्य' ह्या शब्दात आशा नाही. 'उतार' ह्या शब्दात दोन्ही आहेत. मेहकरच्या दवाखान्यात वैद्याने रोग्यास 'तुमच्या शुगरला उतार पडला आहे' असे सांगितले, तर पुढच्या तपासणीची तारीख त्याला वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.