शाळा कोणी काढावी? डहाणूच्या किनाऱ्यावरून शाळा-मान्यतेच्या कायद्याकडे पाहताना

१/ धाकटी डहाणू हे मच्छीमारांचे गाव. तेथून किनाऱ्याने उत्तरेस निघाले की डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे ओळीने लागतात आणि घोलवडच्या पूर्वेस कोसबाडची टेकडी दिसते. शाळा कोणी काढावी, तिला पैसे कोणी द्यावेत आणि ती शाळा आहे हे कोणी ठरवावे, या तीन प्रश्नांचा मोठा इतिहास एवढ्याशा पट्ट्यात घडला. आजचा धागा त्याविषयी आहे. जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

२/ ‘चार्टर स्कूल’ हा शब्द अलीकडे आपल्याकडच्या चर्चांतही ऐकू येतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ साली यासंबंधीचा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. कल्पना सोपी आहे : पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा आणि दोघांमध्ये मुदतीचा करार. ठरलेले साधले नाही तर करार संपतो, शाळा बंद होते.

३/ ही कल्पना अगदी नवीन आहे, असे मानण्याचे कारण नाही. सरकारी पैसा आणि खाजगी कारभार यांची सांगड आपल्याकडे १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने घातली. प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते निघावे आणि खाजगी शाळांना अनुदान मिळावे, असे त्यात ठरले. अनुदानाच्या अटी अशा : लौकिक शिक्षण चांगले असावे, स्थानिक व्यवस्थापन भरवशाचे असावे, सरकारी तपासनिसाला दार मोकळे असावे आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घेतली जावी.

४/ यातील शेवटच्या अटीपाशी क्षणभर थांबा. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, अशी त्यामागील समजूत. आता जव्हार-डहाणूच्या जंगलपट्ट्यातील वारली कुटुंब डोळ्यांसमोर आणा : जमीन सावकाराकडे, अंग वेठीला, हातात रोख पैसा नाही. लंडनमध्ये बसून लिहिलेल्या त्या एका वाक्याने हे कुटुंब अनुदानित शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिले. कोणी मुद्दाम बाहेर ठेवले नाही, हे खरे. पण बाहेर ठेवण्यासाठी मुद्दाम काही करावे लागलेही नाही.

५/ मुंबई इलाख्याने पुढे आणखी एक पाऊल टाकले. मद्रासेत शिक्षकांच्या पगारावर अनुदान मिळे. मुंबईत ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत रुजली. तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या हिशेबाने शाळेला रक्कम मिळणार. आजच्या कराराच्या शाळांचे हे जणू पणजोबाच म्हणायचे. परिणामही ओळखीचाच झाला : जे मूल उत्तीर्ण होण्याची खात्री, तेच शाळेला परवडणार. गवतकापणीच्या हंगामात महिनाभर गैरहजर राहणारे मूल म्हणजे संस्थेला सरळ तोटा.

६/ १८८२ मध्ये हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबर १८८२ च्या आपल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची सक्ती मागितली आणि सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, असा रोकडा प्रश्न केला. आयोगाचा कल मात्र सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि खाजगी प्रयत्नांना वाव द्यावा, याकडे राहिला.

७/ त्या खाजगी प्रयत्नांतून महाराष्ट्राला काय लाभले, हे आपण जाणतोच. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी. शिक्षकांनी एकत्र यावे, मंडळ नोंदवावे, अल्प वेतनावर राबावे आणि समाजाकडून देणग्या मिळवाव्यात, हा नमुना येथे तयार झाला. अशी मंडळे नोंदवण्यासाठी १८६० चा संस्था नोंदणी कायदा होताच. आजही महाराष्ट्रात बहुतेक शाळांच्या पाटीवर आधी संस्थेचे नाव येते आणि मग शाळेचे, त्याचे मूळ येथे आहे.

८/ हा नमुना डहाणूच्या किनाऱ्यावर पोहोचला तो बोर्डीत. १९१८ साली मुंबईत गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९२० साली तिचे हायस्कूल बोर्डीला सुरू झाले. आज ते सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल या नावाने ओळखले जाते. नामदार गोखल्यांच्या स्मरणार्थ निघालेली संस्था आणि पारशी कुटुंबाचे नाव लावणारी शाळा : या किनाऱ्याची सारी घडण त्या पाटीत आहे. आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांनी या शाळेला नाव मिळवून दिले आणि पुढे आदिवासींच्या शिक्षणाचे कामही अंगावर घेतले.

९/ तिकडे प्राथमिक शिक्षणाचा कायदा वेगळ्या वाटेने चालला होता. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. (कोल्हापुरात शाहू महाराजांनी एक वर्ष आधीच पाऊल उचलले होते.) १९२३ मध्ये प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ही सारी घडी नव्याने बसवली. त्यात ‘मान्य शाळा’ म्हणजे काय, हे ठरले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकावर हजेरीचा आदेश काढण्याची आणि दंडाचीही तरतूद झाली.

१०/ म्हणजे कायद्याच्या नजरेत शाळा ही एक जागा होती. मुलाने तेथे यायचे. न आले तर दोष मुलाच्या बापाचा.

११/ आणि नेमक्या याच काळात, २४ डिसेंबर १९४५ रोजी, बोर्डीत ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई १९२६ पासून गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघाचे काम करत होत्या. माँटेसरी पद्धत त्यांना मुखोद्गत होती. पण माँटेसरीची महागडी साधने बोर्डीत आणायची कोठून? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हाताशी धरली. समुद्रकिनारी हे सारे विपुल, आणि मुलांच्या ओळखीचे.

१२/ तरीही गरीब वस्तीतील मुले केंद्रात येईनात. येथे एखादा शिक्षणाधिकारी ‘पालक उदासीन’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी वर्गच उचलून वस्तीत नेला. झोपड्यांपुढच्या अंगणात, झाडाच्या सावलीत तो भरू लागला. मध्यवर्ती बालवाडी आणि तिच्या जोडीला ‘अंगणवाडी’ असे दोन प्रकार झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा या किनाऱ्यावरचा शब्द देशभर गेला.

१३/ १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे प्रश्न अधिक कठीण होता. सहा वर्षांपुढचे वारली मूल म्हणजे घरातला कमावता हात. मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते. मुलीला शाळेत आणायचे तर ते भावंड कोठे ठेवायचे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. मुलाला आणायचे तर गुरांचे काय? म्हणून शिक्षक कुरणावर गेले. गुरे चरत असताना भरणारी ती ‘कुरणशाळा’. दिवसा ज्यांना मुळीच जमत नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

१४/ माझ्या मते कोसबाडचे खरे महत्त्व साधनांत किंवा गाण्यागोष्टींत नाही. ते या उलटलेल्या प्रश्नात आहे. कायदा विचारत होता : मूल शाळेत का येत नाही? कोसबाडने विचारले : शाळा मुलापर्यंत का जात नाही? आता या कुरणशाळेला मान्यतेच्या अर्जाच्या रकान्यांत बसवून पाहा. इमारत? नाही. वर्गखोल्या? नाहीत. शाळेची वेळ? गुरे पाण्यावर जातील तशी. हजेरीपट? पावसावर अवलंबून.

१५/ येथे आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी. बालवाडी आणि अंगणवाडी यांना वाढण्यास मोकळीक मिळाली, कारण सहा वर्षांखालील मुलांच्या शाळांना मान्यतेचा कायदाच लागू नव्हता. जेथे नियम नव्हता, तेथे प्रयोग फोफावला आणि अखेर सरकारनेच तो उचलला. कुरणशाळा मात्र सहा वर्षांपुढच्या मुलांची, म्हणजे थेट कायद्याच्या हद्दीत. ती सरकारी योजना झाली नाही.

१६/ तर मग नियमच नकोत का? इतक्या घाईने निकाल देऊ नये. खाजगी व्यवस्थापनांच्या मर्जीवर शिक्षकांची नोकरी अवलंबून असण्याचा काळ महाराष्ट्राने पाहिला आहे. त्याला उत्तर म्हणून १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. चौकशीशिवाय बडतर्फी नाही, आणि अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद. १९८१ च्या नियमावलीने त्याचा तपशील ठरवला. सरकार पगार देणार, संस्था नेमणूक करणार आणि कायदा दोघांना बांधणार, ही अनुदानित शाळेची आजची रचना. चार्टरमधली मुदत आणि करार मात्र यात नाही. एकदा अनुदान मिळाले की ते सहसा सुटत नाही.

१७/ आणि हजेरीपटाचा हट्ट कशासाठी, हेही २०११ ने दाखवून दिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. अनेक शाळांतील मुले केवळ कागदावर असल्याचे निघाले; त्यांच्या नावाने अनुदान मात्र खरे. कुरणावरच्या शाळेवर आंधळा विश्वास टाका, असे सरकारला सांगणे सोपे नाही, ते यामुळे.

१८/ सरकारने अधूनमधून वाट सैल केलीही. विसावे शतक संपता संपता वस्तीशाळा निघाल्या : जवळ शाळा नाही अशा वाडीत, स्थानिक तरुण शिक्षक. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या. डहाणू-तलासरीची कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांकडे निघतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शाळांचे मोल सांगायला नको. कोसबाडचा विचार या दोन्हींत दिसतो, नाव घेतलेले असो वा नसो.

१९/ मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कलम १८ नुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राविना शाळा चालवता येत नाही. चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दररोज दहा हजारांपर्यंत. कलम १९ आणि त्याची अनुसूची निकष सांगते : सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस. आदिवासी पाड्यावरील मुलाला गळकी झोपडी ‘शाळा’ म्हणून देऊ नये, हा हेतू निःसंशय चांगला. वस्तीशाळांचे रूपांतर त्यातूनच नियमित शाळांत झाले.

२०/ पण दुसऱ्या बाजूचे दार कोणाला उघडले, तेही पाहा. महाराष्ट्राने आधी ‘कायम विनाअनुदानित’ शाळांना परवानगी दिली. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द काढला आणि २०१६ मध्ये २० टक्के अनुदानापासून सुरुवात केली. मधली वर्षे शिक्षकांनी बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काढली आणि आझाद मैदानाच्या फेऱ्या घातल्या. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने सरकारचा अनुदानाशी संबंधच तोडला : जागा, ठेव आणि निधी दाखवा, परवानगी घ्या, अनुदान मागू नका. २०१७ च्या दुरुस्तीने कंपन्यांनाही हे दार उघडले.

२१/ १८५४ चा खलिता आणि २०१२ चा कायदा शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात सरकार म्हणते : तुम्ही शाळा काढा, आम्ही मदत करू, फी मात्र घ्या. दुसऱ्यात म्हणते : तुम्ही शाळा काढा, फी घ्या. मदतीचे कलम तेवढे गळाले.

२२/ ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. कोसबाडच्या टेकडीवर काम चालू राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ आखला, आणि अंगणवाडी आता शाळेच्या चौकटीत येऊ घातली आहे. तिच्यासाठी निकष लिहिताना ‘अंगण’ हा शब्द इमारतीच्या रकान्यात बसतो का, ते पाहायचे.

२३/ १९४५ हे वर्ष या धाग्यात बालवाडीच्या निमित्ताने आले. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली वेठीविरुद्ध एकत्र जमले होते. पुढचा धागा त्या सभेवर.