बंद दाराआडचा सारीपाट

सरत्या सालाचा जमाखर्च मांडण्याची चाल आपल्या खानदेशात जुनी आहे. पेढीवाला दिवाळीला वह्या बदलतो. शेतकरी आखाजीला सालदाराचा हिशेब चुकता करून नवे साल ठरवितो. मात्र खेळांच्या सालाचा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाही. खेळ म्हणजे पोरांचा उद्योग, फार तर रिकाम्या वेळेची सोय, अशी आपली समजूत असते. सन २०२० ने या समजुतीला धक्का दिला. त्या साली पडद्यावरच्या खेळांनी, म्हणजे ज्यांना आपण व्हिडिओ गेम म्हणतो त्यांनी, जगभर जी उलाढाल केली ती नुसत्या करमणुकीच्या सदरात घालून मोकळे होता येणार नाही. म्हणून त्या एका सालाची वही उघडून जमेस काय पडले आणि नावे काय लिहावे लागले, हे आज आपण पाहू.

हा प्रकार तसा फार जुना नव्हे. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७२ साली ‘पाँग’ नावाचा खेळ काढला. काळ्या पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. टेबल टेनिसची ती अगदी बाळबोध नक्कल होती. आपल्याकडे हा प्रकार प्रथम टीव्हीला जोडावयाच्या कॅसेटच्या यंत्रातून, मग सायबर कॅफेतून आणि शेवटी हातातल्या फोनमधून आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हापासून धुळे-जळगावकडील आडगावच्या पोरालाही दूरदेशीच्या पोराबरोबर एकाच मैदानात उतरणे शक्य झाले. ही पूर्वपीठिका ध्यानी घेतली म्हणजे २०२० मध्ये जे घडले ते आभाळातून पडले नाही, हे कळून येईल.

२० मार्च २०२० रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा खेळ बाजारात आणला. त्यात युद्ध नाही की शत्रू नाही. खेळणाराने एका बेटावर राहावे, झाडे लावावीत, मासे धरावेत, घर सजवावे आणि शेजाऱ्यांकडे जावे-यावे, इतकेच. दोनच दिवसांनी, २२ मार्चला, आपल्याकडे जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. शेजाऱ्याच्या ओसरीवर जाणे ज्या आठवड्यात बंद झाले, त्याच आठवड्यात या कल्पित बेटाची दारे उघडली होती. वर्षअखेरपर्यंत त्या खेळाच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. ‘अमंग अस’ या दुसऱ्या खेळाची कथा याहून बोलकी आहे. तो निघाला २०१८ साली, आणि दोन वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. यानातील मंडळींत एखादा दगाबाज लपलेला असतो. तो बोलून, वाद घालून, संशय घेऊन ओळखावयाचा. आपल्या राजा-राणी-चोर-शिपाई या चिठ्ठ्यांच्या खेळाशी त्याचे नाते जवळचे आहे. माणसे घरात कोंडली गेली तेव्हा २०२० मध्ये जगभर त्याची एकच धूम उडाली. लोकांना भुकेची जाणीव झाली होती ती केवळ करमणुकीची नव्हे, गप्पांची आणि सोबतीची.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण त्या मे-जून महिन्यांत साऱ्या राज्याच्या चिंतेचा विषय होऊन बसले होते. त्या सालची आखाजी २६ एप्रिलला आली. लेकी माहेरी येण्याचा, झोके बांधण्याचा, गौराईच्या गाण्यांचा हा सण. आणि स्पष्टच बोलावयाचे तर पुरुषमंडळींनी पत्त्यांचा डाव मांडण्याचाही. त्या वर्षी लेकींच्या वाटा बंद होत्या आणि पारावर चार माणसे जमणेही कायद्याने मना होते. अशा वेळी देशभरातील असंख्य घरांनी जवळ केला तो परदेशी खेळ नव्हे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’ त्यांनी जवळ केला. टाळेबंदीपूर्वी तो रोज खेळणारे दीड कोटींच्या आसपास होते. टाळेबंदीत ती संख्या ५ कोटींवर गेली, असे कंपनीने सांगितले. एका गावचा भाऊ, दुसऱ्या गावची बहीण आणि शहरातला मामा एकाच पटावर बसू शकत होते, हे त्याचे खरे मर्म.

येथे इतिहासाचा एक मजेदार फेरा दिसतो. लुडो म्हणजे आपल्या पचिसीचे इंग्रजी रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले, कवड्यांच्या जागी फासा आला, नावही लॅटिन ठेवले गेले आणि तोच खेळ खोक्यात बंद होऊन आपल्याकडे परत आला. आपल्या मोक्षपटाचेही असेच झाले. पापपुण्याच्या घरांतून मोक्षाकडे नेणारा तो पट इंग्लंडला गेला आणि सापशिडी होऊन परतला. पापपुण्याचा हिशेब हळूहळू गळून गेला आणि राहिले केवळ दैव. खेळ आपला, पण त्याला बाजारात आणणारा दुसराच, ही आपल्या खेळांच्या इतिहासातील जुनी कहाणी आहे. २०२० मध्ये एका नव्या मुंबईकर कंपनीने तिचा एक धागा तरी उलटा फिरविला, ही गोष्ट जमेस धरलीच पाहिजे.

परंतु तरुण पोरे लुडोवर समाधान मानणारी नव्हती. त्यांचा खेळ होता ‘पब्जी’. १०० जणांनी एका बेटावर उतरावयाचे आणि शेवटी एकाने वा एका टोळीने उरावयाचे, असा तो मूळचा दक्षिण कोरियातील खेळ. त्याची मोबाइलवरील आवृत्ती चालविण्यात चीनच्या टेन्सेंट कंपनीचा हात होता. भारतात तो १७ कोटींहून अधिक वेळा फोनवर उतरवून घेतला गेला, असे बाजाराचा अभ्यास करणारे सांगतात. १५ जूनला गलवान खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले आणि २ सप्टेंबरला सरकारने पब्जीसह ११८ ॲप्सवर बंदी घातली. सीमेवरील संघर्षाचा परिणाम घरातल्या खेळापर्यंत येऊन पोचावा, असे पूर्वी कधी घडले नव्हते. दोनच दिवसांनी ‘फौजी’ नावाच्या देशी खेळाची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला, गलवानच्याच प्रसंगावर बेतलेला. पहिल्या दिवसांत त्यावर उड्या पडल्या, पण तो उत्साह टिकला नाही. आणि २०२१ च्या जुलैत पब्जीचाच नवा अवतार ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला. यावरून घ्यावयाचा बोध असा की, नुसत्या आवेशाने खेळ उभा राहत नाही. त्यामागे कसब लागते, चित्रकार, संगीतकार, गणिती आणि कथाकार लागतात, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षांची तपश्चर्या लागते.

अशा तपश्चर्येचे उदाहरण त्याच साली आपल्या महाराष्ट्रातच घडले. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि १५ ऑक्टोबरला इतर यंत्रांवर आणला. असुरांनी धाकट्या भावाला, गोलूला, पळविल्यावर त्याच्या शोधार्थ निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. कथा सांगणारे आहेत दुर्गा आणि विष्णू. चित्रांची धाटणी पहाडी शैलीची. आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे रंगविलेले. या मंडळींनी २०१७ साली इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी पडली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे हा खेळ अमेरिकेतील ‘द गेम अवॉर्ड्स’ या मोठ्या पारितोषिकासाठी, पहिलेच पाऊल टाकणाऱ्यांच्या विभागात, अखेरच्या पाच नावांत आला. पारितोषिक दुसऱ्या खेळास मिळाले. खेळ लहान आहे, काही तासांत संपतो, हेही खरे. परंतु आपल्या मातीतील कथा आपल्या हातांनी घडवून जगापुढे मांडता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

याच काळात पोलंडने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आतली, म्हणजे मराठी बोलणारांच्या निम्म्याहूनही कमी. तेथील ‘सीडी प्रोजेक्ट’ या संस्थेने आपल्याच भाषेतील एका लेखकाच्या कथांवरून ‘विचर’ हा खेळ २००७ साली काढला आणि तो जगभर गाजला. २०११ मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिली तीत या मालिकेतील दुसरा खेळ होता. याच संस्थेचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी निघाला तेव्हा इतका सदोष निघाला की आठवड्याभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांचे पैसे परत केले. घाई मोठ्यांनाही भोवते! परंतु त्याच सालची दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वेढा पडलेल्या शहरातील सामान्य माणसे अन्न आणि औषध यांसाठी कशी झगडतात, हे दाखविणारा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलिश खेळ तेथील सरकारने २०२० मध्ये शाळांच्या ऐच्छिक वाचनाच्या यादीत घातला. कादंबरीच्या पंक्तीला खेळ बसला. आपल्याकडे त्याच वेळी पोराच्या हातातून फोन हिसकावून घेणे, एवढेच धोरण होते.

आता नावे बाजू. त्या वर्षी आयपीएलचे सामने १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर या काळात संयुक्त अरब अमिरातीत झाले, आणि त्यांना नाव दिले होते मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ या कंपनीने, २२२ कोटी रुपये मोजून. पैसे लावून खेळावयाच्या या प्रकारांना, आणि त्यांच्याबरोबर इंटरनेटवरील रमीला, टाळेबंदीच्या रिकामपणाने मोठे कुरण मिळाले. कसब की नशीब, हा वाद न्यायालयांत पुष्कळ झाला. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. आपल्या परंपरेस हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. धर्मराजाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. आणि आपला खंडोबाही लोककथेत म्हाळसेकडून सारीपाटात हरून बारा वर्षांच्या वनवासाला जातो. देवालाही पण लावल्याचे फळ भोगावे लागले, हे सांगताना लोकांनी सारीपाट टाकून दिला नाही, हे मात्र लक्षात घ्यावे. त्यांनी खेळ ठेवला आणि पणाबद्दल सावध केले. आखाजीच्या डावाबद्दलही हाच विवेक हवा, आणि फोनवरच्या डावाबद्दलही.

असा हा जमाखर्च. खेळणारे म्हणून आपण त्या साली जगातील अग्रगण्यांत होतो. घडविणारे म्हणून अगदी थोडे. सोनीचे नवे ‘प्लेस्टेशन ५’ हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशांत विकले जाऊ लागले, ते आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आले, आणि किंमत ४९,९९० रुपये. एवढा पैसा किती घरांतून निघणार? परंतु खेळ घडविण्यासाठी मुख्य भांडवल लागते ते गणिताचे आणि कथेचे, आणि त्या बाबतीत खानदेश दरिद्री नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. त्या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तीत गणिते कोड्यांच्या रूपाने घातली आहेत, हंस, भुंगे आणि मोर यांच्या गोष्टी सांगून. किती मांडण्या संभवतात याचा विचारही तीत आहे. अवघड शास्त्र खेळाच्या अंगाने शिकवावे, ही कल्पना आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी शिकविली जात होती! कथांचे म्हणाल, तर कानबाईचा उत्सव आहे, अहिराणीतील गाणी आहेत, लळिंग आणि थाळनेर हे किल्ले आहेत, आणि हाकेच्या अंतरावर अजिंठ्याच्या भिंतींवर रंगविलेल्या जातककथा आहेत. पुण्याच्या मंडळींना पहाडी चित्रे सुचली. आपल्या मुलांना अजिंठा का सुचू नये?

तेव्हा श्रोत्यांना माझे सांगणे इतकेच. घरातील मूल फोनवर खेळताना दिसले तर त्यास दोन प्रश्न विचारावेत : हा खेळ तुझ्याकडून पैसे मागतो का, आणि यातली गोष्ट कोणाची आहे? पहिल्याचे उत्तर होय असेल तर तो पट तेथेच आवरावा. दुसऱ्याचे उत्तर ऐकून मात्र त्याच्याशेजारी बसावे आणि आपली एखादी गोष्ट त्याला सांगावी. तिच्यातून तो उद्या काय घडवील, याचा हिशेब पुढच्या एखाद्या सालाच्या वहीत लिहिला जाईल.