देणे आणि दान

या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘व्यक्तीची आणि उद्योगधंद्याची सामाजिक जबाबदारी’ हा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि उरलेले कारखान्यांच्या द्वारसभांत व मोफत वाचनालयांत. शास्त्रशुद्ध व्याख्या करणे हे आमचे काम नव्हे. परंतु हिशेब कसा वाचावा एवढे कामगार चळवळीने आम्हांला शिकविले आहे. म्हणून या विषयाकडे आम्ही हिशेबाच्या वहीतूनच पाहणार आहोत.

जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत ‘धर्मादाय’ नावाचे एक खाते असे. गिऱ्हाइकाच्या बिलात थोडी रक्कम चढवून ती या खात्यावर जमा करीत, आणि तीतून पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ चालत. दुसरे खाते देण्याचे. कोणाचे किती द्यावयाचे राहिले त्याची त्यात नोंद. धर्मादायातून खर्च करणाऱ्याला लोक पुण्यवान म्हणत. देणे फेडणाऱ्याच्या गळ्यात मात्र कोणी हार घालीत नाही. गेल्या दीडशे वर्षांत गिरण्या-कारखान्यांच्या जगात जी काही माणुसकी आली, ती दानाच्या खात्यावरील एकेक रक्कम देण्याच्या खात्यावर आणून लिहिल्यामुळे आली, असे आमचे मत आहे. ती कोणी आणून लिहिली, हा आजच्या निबंधाचा विषय.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारावयास घेतली आणि १८५६ साली ताडदेवला ती सुरू झाली. पुढे पंचवीस वर्षे कामाच्या तासांना कायद्याचा लगाम असा नव्हताच. दिवस उजाडला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पाळीही मोठी. विजेचे दिवे आल्यावर तर कित्येक ठिकाणी सूर्याचाही आधार सुटला. आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस आपल्या मुलाबाळांनाही त्याच खात्यात कामाला लावी.

या स्थितीविरुद्ध प्रथम आवाज उठविणाऱ्यांत सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक होते. १८७८ सालापासून त्यांनी कायद्यासाठी खटपट केली. मँचेस्टरच्या कापडवाल्यांनाही हिंदी गिरण्यांवर बंधन हवेच होते, पण त्यांचा हेतू निराळा होता. म्हणून इकडचे मालक म्हणू लागले, की हा कायदा म्हणजे लँकेशायरचा कावा. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण कावा कोणाचाही असो, सात वर्षांचे पोर यंत्रापुढे उभे होते हे काही खोटे ठरत नव्हते. अखेर १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांहून अधिक राबवू नये, त्यांस महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावे, एवढे त्यात होते. मोठ्या स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

याच सुमारास, १८८३-८४ साली, परळ येथे जनावरांचा दवाखाना उभा राहिला. गिरणी उद्योगात नाव कमावलेल्या पेटिट घराण्याची ही देणगी. मुक्या जनावरांवर दया करणे हे मोठे काम आहे, आणि तो दवाखाना करणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि त्याच परळात, १८८४ च्या सप्टेंबरात, गिरणी कामगार सभा भरवून आठवड्यातून एक दिवस विश्रांती मागत होते. मालकांच्या मनात दया नव्हती असे म्हणता येत नाही. दयेच्या खात्यावर पैसा होता. कामगाराचा रविवार मात्र अजून कोणत्याच खात्यावर लिहिला गेला नव्हता.

त्या सभा भरविणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेले, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, आणि एका गिरणीत स्टोअरकीपर. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईतून चालविले. १८८४ च्या सभांत ठरलेल्या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या पडल्या. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जबर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटाची तजवीज.

या यादीत एकही भीक नाही, हे लक्षात घ्यावे. ज्याचे श्रम घेतले त्याचे काय लागते, याचा तो साधा ताळेबंद आहे. लोखंड्यांच्या संघटनेला धड घटना नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती. आजच्या मोजमापाने तिला युनियन म्हणावे की नाही, यावर पंडित वाद घालतात. परंतु युनियनचे पहिले काम म्हणजे मागणी नेमकी शब्दांत मांडणे, आणि ते तिने चोख केले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीस सरकारी शिक्का मिळाला, मुलांचे किमान वय नऊ झाले आणि स्त्रियांचे तास अकरावर आले. आज कचेरीतला कारकून रविवारी सकाळी निवांत वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा त्या मैदानावरच्या माणसांची त्याला आठवणही नसते. एखादी गोष्ट देण्याच्या खात्यावर पक्की बसली की ती कोणाची मेहेरबानी होती हे लोक विसरतात. आणि तसे विसरणेच योग्य.

येथे कोणी म्हणेल, की सारे भांडूनच मिळाले काय? चांगला मालक नव्हताच काय? होता, आणि त्याचे नाव घेण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास सुरू झाली. तेथील मोठी अडचण गैरहजेरीची होती. मारून मुटकून माणूस कामावर येत नाही हे ओळखून तेथे निराळी वाट धरली गेली. १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघाताची भरपाई आणि १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. माणूस टिकला तर धंदा टिकतो, हा व्यवहारही त्यात होता, आणि तो असल्याने त्या कामाची किंमत कमी होत नाही.

परंतु तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. नागपुरात अपघाताची भरपाई १८९५ साली. देशभर तिचा कायदा झाला १९२३ साली. नागपुरात प्रॉव्हिडंट फंड १९०१ साली. त्याचा कायदा झाला १९५२ साली. मधल्या अठ्ठावीस आणि एक्कावन्न वर्षांत ज्याचा हात यंत्रात गेला, जो म्हातारा होऊन रिकाम्या हाताने गावी परतला, त्याचे दैव एवढ्यावरच ठरले, की त्याला मालक कोण भेटला. चांगला मालक वाट दाखवितो. त्या वाटेने सर्वांस जावयास लावणे हे त्याच्या एकट्याच्या हातचे नसते. त्यासाठी कायदा लागतो, आणि कायद्यासाठी संघटना.

आतापर्यंत आम्ही मालकांचा हिशेब वाचला. आता आमच्याकडचीही वही उघडली पाहिजे, नाहीतर हा निबंध एकतर्फी होईल.

मुंबईच्या गिरण्यांतले साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, जास्त पगाराचे. तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या तोंडचा धोटा अस्पृश्य मानलेल्या माणसाने तोंडाला लावावयाचा नाही, म्हणून त्या खात्याचे दार त्याला बंद. हा नियम टिकला तो सवर्ण कामगारांच्या हट्टावर. कामगार एकजुटीच्या घोषणा देणारे हात तेच आणि आपल्याच भावाला साच्यावर उभे न करणारे हातही तेच. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावयास लावली. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण मनापासून नव्हे. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे पान आम्ही तरुण कार्यकर्त्यांस मुद्दाम वाचावयास लावतो.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. १८९० सालीच लोखंड्यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिक मंडळींनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे ठरविले. हे हातावर पोट असलेले लोक. प्रत्येक नकारामागे त्यांची मजुरी बुडणार होती. धंद्यातली सामाजिक जबाबदारी म्हणजे काय, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही या सभेकडे बोट दाखवितो. नफ्यातून काही वाटणे ही पुढची गोष्ट. ज्या कामाने दुसऱ्याचे माणूसपण जाते त्या कामाचा पैसाच नको, ही पहिली.

आता आजच्या काळाकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांवर एक बंधन आले आहे. वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी, किंवा मालमत्तेचे निव्वळ मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावेत. आणि नियम असे सांगतात, की स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च यात धरावयाचा नाही. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला राग आला. गावच्या शाळेला बाके द्यावयाची आणि घरच्या माणसाला वगळावयाचे, हा कुठला न्याय? पण विचार करता उमगले, की नियम बरोबर आहे. कामगाराला जे द्यावयाचे ते देणे आहे. ते दानात धरले, तर उद्या मालक हातमोजे वाटून समाजसेवेचा दाखला घेईल. धोका उलट बाजूला आहे. अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हे दोन टक्क्यांच्या रंगरंगोटीत झाकले जाते.

आणि झाकणारे केवळ मालकच असतात असे नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा चांगला करार घडवून आणला. पेढे वाटले, गुलाल उधळला. सभा संपल्यावर सफाई खात्यातला एक कंत्राटी कामगार जवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, ह्यात आमचं काय लिवलंय का?” काहीच लिहिले नव्हते. तो आमचा सभासद नव्हता, आणि कायम कामगारांची वाढ पदरात पाडून घेण्याच्या घाईत त्याचा विषय आम्हीच बाजूस ठेवला होता. साचेखात्याचे बंद दार आमच्याही हातांनी लावले गेले होते. पुढच्या करारात त्यांच्यासाठी सुरक्षेची साधने आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी आली. पण मधल्या चार वर्षांचे देणे आमच्या नावावर आहे.

घरचीही गोष्ट सांगून टाकतो. लोखंड्यांवरील एक भाषण आम्ही घरी मोठ्याने वाचून पाहत होतो. आमच्या मंडळींनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “आपल्या मावशींचा रविवार कुठला?” धुण्याभांड्याच्या मावशी आमच्याकडे अकरा वर्षे येत होत्या, आणि हा प्रश्न आम्हांला एकदाही पडला नव्हता. त्या आठवड्यापासून त्यांना पैसे न कापता सुट्टी सुरू झाली. रविवारची भांडी आता आम्ही घासतो. ती नीट निघत नाहीत, अशी तक्रार आहे.

शेवटी एका वहीविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो आणि वडील संपावर होते. चाळीखालच्या वाण्याने महिनोन् महिने उधारीवर धान्य दिले. आमची गिरणी पुन्हा धडपणे चाललीच नाही. वडील पुढे वखारीत हमाली करीत आणि दर महिन्याला वाण्याकडे थोडे थोडे भरीत. त्यांच्या गिरणीकडून त्यांचे स्वतःचे येणे मात्र वर्षानुवर्षे अडकून राहिले. वाण्याची उधारी फेडावयास सहा वर्षे लागली. शेवटचा हप्ता द्यावयास वडिलांनी आम्हांला बरोबर नेले होते. वाण्याने नावावर आडवी रेघ मारली, वही आमच्यापुढे फिरवली आणि बेरीज तपासून पाहावयास सांगितले. आम्ही ती तपासली. बरोबर होती.