बडोद्याच्या गादीचा १८७५ सालचा निकाल

गायकवाडांच्या इतिहासात वाचकांचे लक्ष सहसा दोन पुरुषांकडे जाते: १७३२ साली डाकोर येथे दगाफटक्याने मारले गेलेले पिलाजीराव आणि आधुनिक बडोदे घडविणारे सयाजीराव. आम्हां कायद्याच्या माणसांस मात्र १८७५ हे वर्ष अधिक खुणावते.

खंडेराव महाराज २८ नोव्हेंबर १८७० रोजी पुत्रावाचून वारले. राणी जमनाबाई गरोदर होत्या, म्हणून धाकटे बंधू मल्हारराव यांस गादी मिळाली ती सशर्त. पुढे जमनाबाईंस कन्या झाली आणि गादी कायम झाली. मल्हाररावांच्या कारभाराची तरफदारी आम्ही करणार नाही. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या राजाचे वकीलपत्र घेणे अवघडच!

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. जानेवारीत महाराज कैद झाले. चौकशीस सहा जणांचे कमिशन बसले: सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड व मेल्व्हिल हे इंग्रज; जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व सर दिनकरराव हे एतद्देशीय. बचावास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. इंग्रज तिघांनी आरोप सिद्ध मानला, आपल्या तिघांनी मानला नाही.

संशयाचा फायदा आरोपीस, हा फौजदारी न्यायाचा पहिला पाठ. कमिशन म्हणजे न्यायालय नव्हे, हे खरे. परंतु लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने विषप्रयोगाचा प्रश्न बाजूस ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये बेबंद कारभार या कारणाखाली महाराजांस पदच्युत केले. खटला एका आरोपाचा, शिक्षा दुसऱ्याची! शिवाय त्यांच्या संततीचाही वारसाहक्क बुडविला. पाळण्यातल्या मुलाचा अपराध कोणता, याचे उत्तर त्या जाहीरनाम्यात नाही.

गादी खंडेरावांच्या विधवेने दत्तक घेऊन भरावी, असे ठरले. याच इंग्रजी सत्तेने, कंपनीच्या अमदानीत, १८५४ साली झाशीचा दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा केले होते, आणि नागपूरही त्याच साली गिळले होते. १८६२ च्या सनदांनी ते धोरण पालटले. गुजरातेत प्रमाण मानलेल्या व्यवहारमयूखाप्रमाणे विधवेस पतीच्या आज्ञेवाचूनही दत्तक घेता येतो, तेव्हा जमनाबाईंचा अधिकार धर्मशास्त्रास धरूनच होता. २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक आला, तो सयाजीराव झाला.

निवड उत्तम ठरली, यात शंका नाही. १८९३ साली अमरेलीत व १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, ते याच राजाच्या हातून. परंतु निवड चांगली निघाली म्हणून पूर्वीची कार्यपद्धती न्याय्य ठरते, असे आम्हांस वाटत नाही. शिंदे, रामसिंह व दिनकरराव यांचे मत कागदावर तसेच उरते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांस राज्याधिकार मिळाले. मल्हारराव १८८२ साली मद्रासेत, नजरकैदेत वारले.